जुन्या हातकरवतींची ओळख व दुरुस्ती

जुनी हातकरवत म्हणजे साधारणतः दुसऱ्या महायुद्धापूर्वी तयार झालेली, पोलादी पाते व लाकडी मूठ असलेली, हाताने चालवायची करवत. अशा करवती अनेक घरांत वारशाने आलेल्या असतात. गंजामुळे त्या निकामी वाटतात, परंतु पात्याला तडा गेलेला नसेल व गंजाने ते खोलवर पोखरले नसेल, तर त्या बहुधा पुन्हा वापरात आणता येतात. आजच्या अनेक स्वस्त करवतींचे दाते कडक केलेले असल्याने कानशीने घासता येत नाहीत आणि बोथट झाल्यावर ती करवत टाकून द्यावी लागते. जुन्या करवतीला मात्र पाते पुरेसे रुंद असेपर्यंत पुन्हा पुन्हा धार लावता येते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

अठराव्या शतकात बेंजामिन हंट्समन याने इंग्लंडमध्ये मुशीत वितळवून एकजिनसी पोलाद तयार करण्याची पद्धत विकसित केली. त्यानंतर शेफिल्ड हे शहर करवतींच्या निर्मितीचे प्रमुख केंद्र बनले. जुन्या पात्यांवर आढळणारा ‘कास्ट स्टील’ हा शिक्का याच मुशीतील पोलादाचा निर्देश करतो. पाते ओतीव आहे असा त्याचा अर्थ नाही.

अमेरिकेत या उद्योगाचे अग्रणी नाव हेन्री डिस्टन (१८१९–१८७८) यांचे होते. इंग्लंडमध्ये जन्मलेले डिस्टन १८३३ मध्ये फिलाडेल्फियाला आले आणि १८४० मध्ये त्यांनी स्वतःचा व्यवसाय सुरू केला. १८५५ च्या सुमारास त्यांनी पोलाद वितळवण्याची स्वतःची भट्टी उभारली. पुढे त्यांचा कारखाना शहरालगतच्या टॅकोनी येथे हलला. १९५५ मध्ये कुटुंबाची ही कंपनी विकली गेली.

ओळखीची साधने

करवतीची ओळख एकाच खुणेवरून न ठरवता पाते, मूठ व चाक्या यांचा एकत्र विचार करून ठरवली जाते.

मुठीवरील चाकी: मुठीच्या डाव्या बाजूस असलेल्या मोठ्या पितळी चाकीवर निर्मात्याचे नाव असते. डिस्टन कंपनीच्या चाकीवर १८६५ पासून ‘अँड सन’ व १८७१ पासून ‘अँड सन्स’ असा मजकूर दिसतो. त्यावरून काळाचा अंदाज येतो. ‘वॉरंटेड सुपीरियर’ एवढाच मजकूर असलेली चाकी अनेक कारखाने वापरत असत. त्यामुळे तिच्यावरून निर्माता निश्चित करता येत नाही. मूठ बदललेली असल्यास चाकी पात्यापेक्षा वेगळ्या काळाची असू शकते. पात्यावरील जादा किंवा न जुळणारी छिद्रे ही मूठ बदलल्याची खूण होय.

पात्यावरील अक्षरे: जुन्या करवतींवर ठोकून उमटवलेला शिक्का असतो, तर नंतरच्या करवतींवर आम्लाने कोरलेला लेख असतो. हा लेख अतिशय उथळ असून बहुधा चाकीच्याच बाजूस, गंजाखाली लपलेला असतो.

पात्याचा आकार: डिस्टन कंपनीने १८७४ मध्ये आतल्या बाजूस वळलेल्या पाठीची करवत आणली. ‘डी-८’ हा तिचा प्रसिद्ध प्रकार. पात्याच्या पाठीवर टोकाजवळ असणारा लहानसा उंचवटा जुन्या करवतींवर आढळतो व नंतरच्या करवतींवर दिसेनासा होतो. टोकाकडे पाते फारच निमुळते झाले असेल, तर ते अनेकदा घासले गेले आहे असे समजावे.

मूठ: चांगल्या अमेरिकी करवतींची मूठ सफरचंदाच्या व स्वस्त करवतींची बीच वृक्षाच्या लाकडाची असे.

दात्यांचे प्रकार

तंतूंच्या दिशेने उभे कापण्याच्या करवतीचे दाते पटाशीसारखे सरळ घासलेले असतात. तंतूंना आडवे छेद देणाऱ्या करवतीचे दाते सुरीच्या टोकासारखे तिरपे घासलेले असतात. दात्यांची बारीकी एका इंचातील टोकांच्या संख्येने सांगतात. दोन्ही कडांची टोके मोजली जात असल्याने ८ टोके म्हणजे इंचाला ७ दाते होत. उभ्या कापाच्या करवतीत सामान्यतः ४ ते ७, तर आडव्या कापाच्या करवतीत ७ ते १२ टोके असतात. हा आकडा पुष्कळदा पात्यावर मुठीजवळ ठोकलेला असतो.

दुरुस्तीयोग्यतेची तपासणी

पाठीच्या रेषेवरून नजर टाकल्यास पात्याचा बाक लक्षात येतो. सर्वत्र सारखा असलेला सौम्य बाक उलट दिशेने हाताने वाकवून काढता येतो. एकाच ठिकाणी पडलेली तीव्र घडी मात्र ऐरणीवर हातोडीने काढावी लागते व ते कुशल कारागिराचे काम आहे. दात्यांच्या मुळाशी गंजाचे खोल खड्डे असतील, तर फाक देताना दाते तुटतात. अशी करवत वापरासाठी दुरुस्त न करणे इष्ट ठरते.

साफसफाई

प्रथम मूठ काढतात. खूप जुन्या करवतींच्या पितळी नटांना आरपार खाच असते. त्यासाठी मध्ये खाच पाडलेला पेचकस लागतो, अन्यथा नट चिरडतात. पात्यावर पातळ तेल लावून सपाट लाकडी ठोकळ्याभोवती गुंडाळलेल्या बारीक पॉलिश पेपरने ते लांबीच्या दिशेने घासतात. ठोकळ्यामुळे वरचा गंज निघतो, पण कोरलेल्या लेखातील काळसरपणा टिकून राहतो. विजेवर फिरणाऱ्या घासयंत्राने हा लेख काही क्षणांत कायमचा नष्ट होतो आणि पाते तापल्यास पोलादाचे पाणी उतरते. वस्तूची ओळख सांगणारा एकमेव पुरावा असा गमावला जाऊ नये म्हणून लेखाची जागा आधी हळुवार घासून शोधतात.

धुण्याचा सोडा व विद्युतप्रवाह वापरून गंज काढण्याची पद्धतही प्रचलित आहे. त्यात दुसऱ्या टोकास स्टेनलेस स्टील वापरू नये, कारण त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे तयार होतात. या क्रियेत ज्वलनशील हायड्रोजन वायूही निघतो, म्हणून ती मोकळ्या हवेत करतात.

मुठीवरील जुनी झिलई पूर्णपणे खरवडण्याऐवजी मळ काढून तिला जवसाचे तेल किंवा लाखेचे पॉलिश देतात. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्यास आपोआप पेट घेऊ शकतात. त्या पसरून वाळवाव्यात.

धार लावणे

१. पाते लाकडी फळ्यांमध्ये दात्यांजवळ घट्ट पकडून दात्यांची टोके सपाट कानशीने एका पातळीत आणतात.
२. तिकोनी कानशीने दात्यांचा आकार सारखा करतात. कानशीच्या बाजूची रुंदी दात्याच्या उंचीच्या दुपटीहून किंचित अधिक असावी.
३. दाते आळीपाळीने डावीकडे व उजवीकडे वाकवून फाक देतात. दात्याचा फक्त वरचा भाग वाकवतात. उत्तम करवतींचे पाते पाठीकडे पातळ होत गेलेले असल्याने त्यांना कमी फाक पुरते.
४. शेवटी प्रत्येक दात्याला हलकी धार लावतात. उभ्या कापासाठी कानस पात्याशी काटकोनात, तर आडव्या कापासाठी सुमारे २० अंश तिरपी धरतात.

चाचणीच्या वेळी करवत आखलेल्या रेषेपासून सरकत असेल, तर ज्या बाजूस ती सरकते त्या बाजूची फाक जास्त असते. त्या बाजूच्या दात्यांवरून धारेचा दगड हलकेच फिरवून हा दोष दूर करतात. वापरानंतर पात्यावर तेलाचा पातळ थर ठेवल्यास गंज पुन्हा चढत नाही.