'शॅल', 'विल' आणि एक गणितज्ञ

सिनॉप्सिसचा पहिला मसुदा परत आला तेव्हा सगळीकडे लाल पेनने 'विल' खोडून 'शॅल' केलं होतं. मी निमूटपणे बदललं. पुढच्या वाचनात दुसऱ्या परीक्षकांनी तेच उलटं केलं! मग मात्र वाटलं, हा नियम आला कुठून ते एकदा बघूच.

शाळेत आपण पाठ केलेलं असतं: आय आणि वुईला शॅल, बाकी सगळ्यांना विल. गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीत भविष्यकाळाचं वेगळं रूपच नव्हतं. वर्तमानकाळावरच भागायचं. 'विल'च्या मूळ क्रियापदाचा अर्थ होता 'इच्छा असणे' आणि 'शॅल'च्या मुळाचा 'देणं लागणे', 'भाग असणे'. जर्मनमध्ये 'इश विल' म्हणजे आजही 'मला हवंय'. मृत्युपत्राला 'विल' म्हणतात त्यातही तीच इच्छा आहे. म्हणजे इच्छा आणि कर्तव्य सांगणारे दोन शब्द झिजत झिजत काळ दाखवायला लागले.

शाळेतला नियम ठळकपणे मांडला जॉन वॉलिस यांनी, १६५३ च्या आपल्या इंग्रजी व्याकरणात. हे ऑक्सफर्डमध्ये भूमितीचे प्राध्यापक. अनंताचं ∞ हे चिन्ह १६५५ मध्ये वापरात आणणारे तेच. पुस्तक लॅटिनमध्ये होतं, परदेशी वाचकांनाही कळावं म्हणून. त्यांच्या मते 'आय शॅल' म्हणजे नुसतं भाकीत, 'आय विल' म्हणजे वचन किंवा धमकी; 'यू' आणि 'ही'ला बरोबर उलट. आपल्या शाळेत यातला अर्धाच भाग पोचला.

पुढच्या व्याकरणकारांनी हा नियम उचलला, पण लोक तसं बोलत होते का? १९२५ मध्ये चार्ल्स फ्राईज यांनी इंग्रजी नाटकांतले संवाद घेऊन चक्क मोजदाद केली. 'आय'सोबतही 'विल'च जास्त निघालं. (मला हा भाग सगळ्यात आवडला. वाद घालण्यापेक्षा डेटा गोळा करा!)

तेव्हा सिनॉप्सिसमध्ये बिनधास्त 'विल' लिहा. 'शॅल' लिहिलंत तरी चूक नाही, फक्त सगळीकडे एकच ठेवा. खरी काळजी वेगळीच आहे. सिनॉप्सिसमधली मेथडॉलॉजी थिसिसमध्ये कॉपी-पेस्ट करताना 'विल बी कलेक्टेड'चं 'वॉज कलेक्टेड' करायला विसरू नका, नाहीतर काम अजून व्हायचंय असं वाचणाऱ्याला वाटतं. कालच माझ्या तिसऱ्या प्रकरणात असे चार 'विल' सापडले.