फ्लॅवोपिरिडॉल: सह्याद्रीतल्या झाडावरून बेतलेलं कॅन्सरचं औषध बाजारात का आलं नाही?

कांदा, संत्रं, चहा या सगळ्यांत फ्लॅव्होनॉइड असतात. त्यांचे गुण सांगणारे फॉरवर्ड रोज फिरतात. पण यातली बरीच संयुगं पाण्यात नीट विरघळत नाहीत आणि पोटात गेली की शरीर त्यांची पटकन विल्हेवाट लावतं. म्हणून रसायनशास्त्रज्ञ मूळ रेणूतच फेरफार करतात. त्याचं एक ठळक उदाहरण मुंबईतलं आहे.

डिसोझायलम बायनेक्टॅरिफेरम हे कडुनिंबाच्या कुळातलं झाड सह्याद्रीत आढळतं. त्याच्या सालीत रोहिटुकाइन नावाचं संयुग असतं. १९८८ मध्ये हेक्स्ट इंडियाच्या मुंबईतल्या शास्त्रज्ञांनी ते या झाडातून वेगळं केल्याचं प्रसिद्ध केलं. तेव्हा लक्ष होतं ते सूज कमी करण्याच्या गुणाकडे, कॅन्सरकडे नाही.

पुढचा बदल कागदावर किरकोळ वाटतो. रोहिटुकाइनच्या सांगाड्यावर एका जागी छोटासा मिथाइल गट असतो. तो काढून तिथे क्लोरीन जोडलेलं बेंझिनचं कडं बसवलं. या कड्यामुळे मूळ सांगाडा फ्लॅव्होनचा झाला आणि फ्लॅवोपिरिडॉल तयार झालं. हा रेणू प्रयोगशाळेतच घडवता येतो, त्यासाठी झाडाची साल सोलावी लागत नाही.

पेशींचं विभाजन चालवणाऱ्या सीडीके या एन्झाइम्सना फ्लॅवोपिरिडॉल अडवतं. त्यातलं सीडीके-९ बंद पडलं, की कॅन्सरच्या पेशींना जिवंत ठेवणारी काही अल्पायुषी प्रथिनं तयार होणं थांबतं. सीडीके रोखणाऱ्या औषधांपैकी माणसांवर चाचणी झालेलं हे पहिलंच.

अडलं ते रक्तात. प्रयोगशाळेत पेशी वासराच्या रक्तद्रवात वाढवल्या जातात. माणसाच्या रक्तातली प्रथिनं मात्र हे औषध कितीतरी जास्त प्रमाणात धरून ठेवतात, त्यामुळे मोकळं औषध कमीच उरतं. सुरुवातीला २४ ते ७२ तास सलाइनमधून देऊनही फारसा उपयोग झाला नाही. मग अमेरिकेतल्या डॉक्टरांनी डोसाची पद्धतच बदलली: आधी अर्ध्या तासात एक हिस्सा, उरलेला पुढच्या चार तासांत. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियाच्या काही रुग्णांत याचा परिणाम इतका जोरदार झाला, की एकाच वेळी मेलेल्या पेशींतले घटक रक्तात उतरून जिवाला धोका निर्माण झाला. काहींना डायलिसिसवर ठेवावं लागलं. औषध चालतंय याचाच हा पुरावा होता, पण रुग्णाच्या दृष्टीने भयंकर.

२०१५ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळालेलं पहिलं सीडीके-रोधक औषध ठरलं पाल्बोसिक्लिब, आणि ते फ्लॅव्होनॉइड नाही. अल्व्होसिडिब या नावानेही ओळखल्या जाणाऱ्या फ्लॅवोपिरिडॉलला मात्र मंजुरी मिळाली नाही. त्यावरचं काम तिथेच थांबलं असं नाही. मुंबईत पिरामलच्या शास्त्रज्ञांनी त्यातलं सहा अणूंचं कडं बदलून पाच अणूंचं बसवलं आणि पी२७६-०० बनवलं. अमेरिकेत याच रेणूला फॉस्फेट गट जोडून टीपी-१२८७ तयार झालं. हे तोंडावाटे घेता येतं आणि शरीरात गेल्यावर फॉस्फेट सुटून पुन्हा अल्व्होसिडिब मोकळं होतं.