दिंडी दरवाजा : रात्री बाहेर पडणारी मुलं आणि घरची माणसं

वाड्यांवरचं आपलं मागचं व्याख्यान संपल्यावर एक ताई मागे थांबल्या होत्या. त्यांचा मुलगा नववीत आहे. एका रात्री एक वाजता त्या पाणी प्यायला उठल्या, तर मुलाचं अंथरूण रिकामं आणि दार नुसतं ओढून घेतलेलं. तो चार वाजता आला. वडिलांनी एक थोबाडीत दिली आणि मोबाइल काढून घेतला. तेव्हापासून मुलगा घरात कुणाशी धड बोलत नाही. ताईंनी आम्हाला विचारलं, "पूर्वीही असं व्हायचं का हो? आणि तेव्हाचे आईबाप काय करायचे?" आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाला दिलेलं उत्तर आहे.

असं पूर्वीही व्हायचं. सुरुवात वाड्यापासूनच करू. वाड्याचा मोठा दरवाजा रात्री बंद होई; पण त्या दरवाजातच एक लहान दार असे, त्याला दिंडी म्हणत. आत यायचं तर वाकून यावं लागे. आत देवडीवर किंवा ओसरीवर कुणी ना कुणी झोपलेलं असे. तमाशाला किंवा भजनाला गेलेला पोरगा उशिरा परतला, की त्याला आधी त्या माणसाला उठवावं लागे. म्हणजे चोरी पकडली जाई, पण पकडणारे बहुधा वडील नसत. एखादा काका, एखादी आत्या, घरातला जुना गडी मध्ये असे. कुणी दटावी, कुणी पदराआड घेई, आणि वडिलांच्या कानावर गोष्ट जाईपर्यंत तिची धार थोडी बोथट झालेली असे. आजच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ही मधली माणसं उरलेली नाहीत. मुलगा, लॅच आणि थेट आईवडील. पालकांचा राग आज जास्त भडकतो, त्याचं एक कारण ही घराची बदललेली रचना आहे, असं आम्हाला वाटतं.

दुसरी गोष्ट. जुन्या समाजाने तरुण मुलांना रात्र पूर्णपणे नाकारली नव्हती. त्यांच्या रात्रीला त्याने जागा नेमून दिली होती. श्रावणातली मंगळागौर आठवा. रात्रभर जागरण, झिम्मा, फुगड्या, उखाणे. या खेळांत असायच्या नव्याने लग्न झालेल्या मुली. त्यांची वयं काय होती? १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा ठरवलं. त्याआधीच्या पिढ्यांतल्या बऱ्याच मंगळागौरी तेरा-चौदा वर्षांच्या, काही त्याहूनही लहान मुलींच्या होत्या. एरवी सासरी मान वर करायची चोरी. पण त्या एका रात्री मोठ्याने हसायची, दमेपर्यंत नाचायची मुभा. मुलग्यांसाठी भजनं होती, आखाडे होते, कोजागरी होती. १८९३ पासून पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव उभा राहिला, त्याबरोबर मेळे आले. मेळ्याच्या तालमीला जातो म्हटलं की विद्यार्थ्याला रात्री घराबाहेर राहायला सबळ कारण मिळे. बस्तरच्या मुरिया समाजात तर घोटुल नावाची संस्थाच होती. गावातली अविवाहित मुलंमुली संध्याकाळनंतर तिथे जमत. त्यांचे पदाधिकारी त्यांच्यातलेच, नियमही त्यांचेच. व्हेरियर एल्विन यांनी १९४७ साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला.

आम्ही हे सोन्याचे दिवस म्हणून सांगत नाही. मंगळागौरीची रात्र मुलीला मिळाली ती घराच्या चार भिंतींच्या आत, बायकांच्या पहाऱ्यात. मुलगा दिंडीतून वाकून आला तर त्याची थट्टा होई. मुलगी तशी आली असती तर काय झालं असतं, हे सांगायची गरज नाही. हा दुजाभाव आपण अजून पुरता सोडलेला नाही. पण यातून एक कळतं. या वयाला रात्रीची ओढ असते, हे आधीच्या लोकांना ठाऊक होतं. ती ओढ मोबाइलने आणलेली नाही.

आता प्रत्यक्ष आईबाप काय करत, ते पाहू. दोन उदाहरणं घेऊ.

पहिलं राजकोटचं. हायस्कुलात शिकणारा मोहनदास गांधी मित्राच्या नादाने नदीकाठी एकांतात जाऊन लपून मांस खातो. वर्षभरात असा बेत पाच-सहा वेळा होतो. घरी आला की आईला सांगतो, आज भूक नाही. या खोटेपणाचाच त्याला इतका त्रास होतो, की शेवटी तो मांस सोडतो. घरी मात्र हे कधीच कळलं नाही. पुढे पंधरा वर्षांचा असताना भावाचं कर्ज फेडायला त्याने भावाच्याच सोन्याच्या कड्यातला तुकडा चोरला. मन खाऊ लागलं. तोंडाने सांगायचं धाडस होईना, म्हणून त्याने कबुली चिठ्ठीत लिहिली, शिक्षा मागितली आणि आजारी वडिलांच्या हातात ती चिठ्ठी दिली. करमचंद गांधींनी उठून बसून ती वाचली. डोळ्यांतून पाणी आलं, कागद भिजला. थोडा वेळ डोळे मिटून ते विचार करत राहिले, मग चिठ्ठी फाडली आणि पुन्हा आडवे झाले. ते संतापतील, बोल लावतील, अशी मुलाची अपेक्षा होती. वडील १८८५ मध्ये गेले. पण त्या शांतपणाचा ठसा मुलाच्या मनावर इतका राहिला, की चाळीस वर्षांनी आत्मकथा लिहिताना त्याने त्याला अहिंसेचा धडा म्हटलं.

यात एक बारकावा सुटू नये. वडील गप्प राहिले ते कबुली मिळाल्यावर. लिहायला मुलाला हिंमत झाली, कारण वडील मारतील ही भीती त्याला नव्हतीच. त्यांना वेदना होतील ही भीती होती. त्याने तसं स्वतःच नोंदवलं आहे. मुलगा खरं सांगतो की नाही, हे त्याला कुठली भीती आहे यावर ठरतं.

दुसरं उदाहरण गदगचं. तिथल्या जोशी मास्तरांचा थोरला मुलगा भीमसेन. रस्त्याने भजनी मंडळी गेली, बँडची मिरवणूक गेली, की हा मागोमाग निघायचा. दमला की वाटेत जिथे जागा मिळेल तिथे झोपून जायचा. घरची माणसं शोधून थकायची. पोलिसांतही जावं लागायचं. शेवटी वडिलांनी, गुरुराज जोशींनी, एक युक्ती केली. मुलाच्या शर्टांवर लिहून टाकलं : जोशी मास्तरांचा मुलगा. मग तो कुठेही झोपलेला सापडला, तरी लोक त्याला उचलून घरी आणून सोडू लागले.

मंडळी, या युक्तीकडे आम्ही इतिहासातला एक पुरावा म्हणून पाहतो. मुलाला बांधून ठेवता येत नाही, हे त्या मास्तरांनी ओळखलं. त्यांनी जाण्याची वाट अडवण्यावर भर दिला नाही, परत येण्याची वाट सोपी केली. आणि त्यासाठी अख्ख्या गावाची मदत घेतली; आपलं पोर पळतं, ही गोष्ट अब्रूपायी झाकून ठेवली नाही.

पुढे १९३३ मध्ये, अकराव्या वर्षी, हाच मुलगा गुरूच्या शोधात घर सोडून गेला. पुणे, ग्वाल्हेर, लखनौ, रामपूर, कोलकाता असा भटकला. वडिलांनी शोध सोडला नाही. अखेर जालंधरला गाठून त्याला घरी आणलं. आणि घरी आणल्यावर गाणं बंद पडलं नाही. १९३६ मध्ये सवाई गंधर्वांनी त्याला शिष्य केलं. पुढचं आपल्याला माहीत आहे.

मात्र इथे सावध राहायला हवं. पळून गेलेला एक मुलगा भारतरत्न झाला, म्हणून पळून जाणं चांगलं, असा निष्कर्ष काढू नका. इतिहास पोहोचलेल्यांची नावं ठेवतो. जी मुलं रेल्वेच्या फलाटांवर हरवली, त्यांची ठेवत नाही. आईच्या पोटात उठणारा गोळा खोटा नसतो.

मग ताईंना उत्तर काय? अंथरूण रिकामं दिसलं, तर आधी मूल सुखरूप आहे का, एवढंच पाहा. दारात आलं की ओरडू नका. त्या वेळी तुम्हीही भ्यालेले असता आणि तेही. जेवला का विचारा, झोपू द्या. बोलणं दुसऱ्या दिवशी, उजेडात. कुठे, कुणाबरोबर, कशासाठी, हे जरूर विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबा. मोकळं सोडणं वेगळं आणि दुर्लक्ष करणं वेगळं. मग जाण्याची जागा आणि परतण्याची वेळ दोघांनी मिळून ठरवा, आणि हा नियम मुलाला आणि मुलीला सारखाच ठेवा. मामा, मावशी, शेजारचे काका, असं एखादं मधलं माणूस मुलाला जवळचं असू द्या. वाड्यातली देवडी आपल्याला अशीच परत उभी करावी लागेल. आणि एक शब्द द्या : कुठेही अडकलास, कितीही वाजले असले, तरी फोन कर, आधी घ्यायला येऊ, बाकीचं नंतर. नशा, धमकी किंवा कुणी मोठं माणूस मुलाला नादी लावत असल्याची शंका आली, तर मात्र एकट्याने झुंजू नका. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे, तिथे फोन करा.

आणि ज्यांचा हात आधीच उठून गेला आहे, त्यांनी काय करावं? त्या वडिलांना आम्ही एवढंच सांगू : तुम्ही आधी बोला. थोबाडीत मारली ते चुकलं, मी घाबरलो होतो, असं मुलाला सांगा. राजकोटला मुलाने वडिलांना चिठ्ठी लिहिली होती. कधी कधी ती वडिलांनाही लिहावी लागते.

वाड्याचा मोठा दरवाजा रात्री बंदच असायचा, आणि असायलाही हवा. पण बांधणाऱ्याने त्यात दिंडी ठेवली होती. आपल्या घराला ती आहे का, एवढं आज घरी गेल्यावर पाहा. आता तुमचे प्रश्न घेऊ.