कारखान्याशिवाय पिस्तूल

बंदुकीचा इतिहास आपण बहुधा लढायांच्या पुस्तकांत वाचतो. मला तो कामगारांच्या इतिहासात शोधावासा वाटतो. कारण रणांगणावर जाण्यापूर्वी बंदूक कोणाच्या तरी हाताखालून जाते. २०१३ सालच्या मे महिन्यात अमेरिकेतील टेक्सास राज्यात कोडी विल्सन या पंचविशीतल्या कायद्याच्या विद्यार्थ्याने छपाईयंत्रातून काढलेले प्लास्टिकचे पिस्तूल उडवून दाखवले. आता हा मधला हातच नाहीसा झाला, असा तेव्हा गवगवा झाला. त्यात तथ्य किती, हे पाहायचे तर थोडे मागे जायला हवे.

पूर्वी एका बंदुकीचा चाप दुसरीला बसत नसे. प्रत्येक नग कारागिराने कानशीने घासून जुळवायचा. हार्पर्स फेरी येथील अमेरिकन सरकारच्या शस्त्रशाळेत १८२० नंतरच्या काळात जॉन हॉलने यंत्रांवर एकसारखे, अदलाबदल करता येतील असे भाग काढले. यंत्र आले तसे घड्याळही आले. लष्करी अधिकाऱ्याने कामाचे तास बांधून दिले, तेव्हा १८४२ साली तेथील कारागिरांनी काम बंद केले, कालव्यातून जाणारी एक बोट भाड्याने घेतली आणि थेट वॉशिंग्टनला जाऊन अध्यक्ष टायलर यांच्यापुढे गाऱ्हाणे घातले. पदरी काही पडले नाही. कामावर परत जावे लागले. शिष्टमंडळे घेऊन मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या आम्हां लोकांना ही गोष्ट काही नवी वाटत नाही!

पुढे १९४२ साली इंडियाना राज्यातील अँडरसन गावी, मोटारींचे दिवे करणाऱ्या गाइड लँप कारखान्यात, पत्रा ठोकून एका गोळीचे स्वस्त पिस्तूल करण्यात आले. काही आठवड्यांत सुमारे दहा लाख! शत्रूने व्यापलेल्या मुलखात ते लोकांच्या हाती पोचवायचे, असा बेत होता. प्रत्यक्षात फार थोडी वाटली गेली. त्याचे नाव ‘लिबरेटर’, म्हणजे मुक्तिदाता. याच कारखान्यात १९३६ च्या अखेरीस कामगारांनी यंत्रांपाशी ठाण मांडून संप केला होता. विल्सनने आपल्या पिस्तुलाला नेमके हेच नाव दिले, पण त्या दिवेवाल्या कामगारांची त्याला आठवण असेल असे मला वाटत नाही.

या यंत्राचे काम समजायला सोपे आहे. सोऱ्यातून शेव पडावी तसा वितळलेल्या प्लास्टिकचा धागा थरावर थर पडत जातो आणि वस्तू उभी राहते. आराखडा इंटरनेटवरून मिळतो. विल्सनचा आराखडा दोन दिवसांत सुमारे एक लाख वेळा उतरवून घेतला गेला. अमेरिकन परराष्ट्र खात्याने तो काढायला लावला खरा, पण तोवर बाण सुटला होता.

मी लेथवर आयुष्य काढलेला माणूस. माल फसवत नाही, हे मी तिथे शिकलो. त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सच्या पोलिसांनी तशी दोन पिस्तुले करून उडवून पाहिली, तेव्हा एकाची नळी फुटून चिंधड्या झाल्या. स्फोटाचा दाब पोलाद सोसते, प्लास्टिक सोसेलच असे नाही. समोरच्यापेक्षा धरणाऱ्यालाच धोका जास्त! २०२० नंतर गाजलेल्या आराखड्यांत नळीसारखे जोराचे भाग पुन्हा धातूचेच झाले. त्यांतली हत्यारे म्यानमारमध्ये २०२१ च्या लष्करी उठावानंतर लढणाऱ्या तरुणांच्या हाती दिसली. म्हणजे ही वस्तू खेळणे राहिलेली नाही.

तरीही सगळा दोष छपाईयंत्रावर टाकू नये. जपानचे माजी पंतप्रधान आबे यांच्यावर २०२२ साली घरी केलेल्या बंदुकीतून गोळी झाडली गेली. ती छापलेली नव्हती. आपल्याकडचा गावठी कट्टाही भात्यावर आणि कानशीवर होतो. १९५९ च्या आपल्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय शस्त्र बनवणे हाच गुन्हा आहे, मग ते कशाचेही असो.

मला अस्वस्थ करते ते वेगळेच. सरकारचा पहारा कारखान्याच्या फाटकावर असे: परवाना, नोंदवही, नगावर ठोकलेला क्रमांक. पण त्याच फाटकाशी कामगारही उभा असे, आणि तो नाही म्हणू शके. मे १९२० मध्ये लंडनच्या गोदी कामगारांनी ‘जॉली जॉर्ज’ जहाजावर पोलंडला जाणारी युद्धसामग्री चढवायला नकार दिला. ती रशियातल्या क्रांतीविरुद्ध वापरली जाणार होती. जहाज त्या मालाशिवाय गेले. खोलीत एकट्याने चालवलेल्या यंत्रापाशी असा नकार कोण देणार? तिथे युनियन नाही, मुकादम नाही आणि शेजारच्या यंत्रावरचा ‘अरे, हे काय करतोस?’ म्हणणारा सोबतीही नाही.

काडतुसाचे मात्र अजून तसे झालेले नाही. पितळ, दारू, ठिणगी देणारे मिश्रण हे सारे घरच्या टेबलावर छापून निघत नाही. पिस्तूल छापणाऱ्यालाही गोळी बहुधा कारखान्यातलीच शोधावी लागते. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे, आणि तेथे आजही काडतुसे कामगारांच्या हातांखालून जातात.