दूधगंगेच्या पुलावरचा भाव

कोल्हापुरातून बंगळूरच्या रस्त्याला लागलं की कागल येतं. कागल सोडलं की दूधगंगेचा पूल, आणि पूल ओलांडला की कोगनोळी. अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे कर्नाटक. दोन्ही काठांवर ऊस तोच, माळावरची तंबाखू तीच, बोली तीच. बदलतो तो पेट्रोल पंपावरचा आकडा.

मी कोल्हापुरात ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात दिवाणजी होतो. गुळाचे रवे भरून गाड्या गुजरातला जायच्या, तर काही गाड्या खाली हुबळी, बंगळूरकडे. गाडीच्या खेपेत भाड्यातला सर्वांत मोठा वाटा डिझेल खातं. त्यामुळे ड्रायव्हरचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "दिवाणजी, डिझेल कागलात मारू का पूल वलांडून?" उत्तर देण्यासाठी दोन राज्यांचे भाव रोज वहीत लिहून ठेवावे लागत. ते आकडे लिहिता लिहिता ते असे का पडतात याचा शोध मी घेऊ लागलो. नोकरी संपली तरी तो संपला नाही, कारण ही गोष्ट तेलाची कमी आणि आपल्या इतिहासाची जास्त आहे, असं मला दिसत गेलं.

२०२१ सालची दिवाळी सीमाभागात कुणी विसरलेलं नाही. ऐन सणात केंद्र सरकारने पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क लिटरला ५ रुपयांनी आणि डिझेलवरचं १० रुपयांनी उतरवलं. कर्नाटकाने लगेच आपला विक्रीकर आणखी ७ रुपयांनी कमी केला. महाराष्ट्राने त्या वेळी काहीच केलं नाही. दुसऱ्या दिवशी बंगळूरला पेट्रोल १०० रुपये ५८ पैसे होतं आणि मुंबईत १०९ रुपये ९८ पैसे. आपल्याकडे हा फरक एका पुलाच्या दोन टोकांवर येऊन उभा राहिला. कागलचा माणूस मोटारसायकल काढून पलीकडे जाऊ लागला. ज्याची ट्रकभर टाकी त्याला कागलकडे वळायचं कारणच उरलं नाही. पुलाच्या अलीकडे ज्यांचे पंप, त्यांचा यात कसलाही दोष नव्हता, पण गिऱ्हाईक मात्र त्यांचंच गेलं.

दोन्ही पंपांवरचं तेल वेगळं असतं का? नाही. आणण्याच्या खर्चात काही पैशांचा फरक पडेल, रुपयांचा नाही. मूळ किंमत आंतरराष्ट्रीय बाजारातल्या तयार पेट्रोल-डिझेलच्या भावाला बांधलेली असते, ती दोघांना जवळपास सारखीच. त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क, तेही सगळ्या देशात एकच. पंपवाल्याचं कमिशन जवळपास सारखं. उरतो राज्याचा कर. महाराष्ट्रात मुंबई-ठाण्याबाहेर पेट्रोलवर २५ टक्के मूल्यवर्धित कर आणि शिवाय लिटरमागे ठरावीक रकमेचा अधिभार आहे. हे टक्के केंद्राचं शुल्क धरून येणाऱ्या रकमेवर लागतात, म्हणजे करावर कर बसतो. अधिभाराचाही इतिहास आहे. २०१५ च्या दुष्काळात मदतीला पैसा हवा म्हणून राज्याने लिटरमागे २ रुपये लावले, पुढे महामार्गांलगतची दारूची दुकानं बंद झाल्यावर बुडालेला महसूल भरून काढायलाही पेट्रोलच पुढे आलं. सरकारला तातडीने पैसा हवा असेल तर पेट्रोलसारखी जागा नाही. वसुली मोजक्या कंपन्यांकडून होते, चुकवेगिरीला वाव थोडा, आणि गाडी तर चालवावीच लागते.

ही वाट सरकारांना दाखवली कुणी, हे शोधायला गेलं की एका मराठी माणसाची दोनदा गाठ पडते. ते म्हणजे बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर. पुढे ते पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण पंपावर आपण मोजतो त्या रुपयांत त्यांचा हात आहे, हे फारसं कुणी सांगत नाही.

हिंदुस्थानात पेट्रोलवरचा खास कर १९१७ साली, पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत आला. त्याच्या आठ वर्षं आधी इंग्लंडात लॉइड जॉर्ज यांनी गॅलनला ३ पेन्स लावले होते, आणि अमेरिकेत ऑरेगॉन राज्याने १९१९ मध्ये गॅलनला १ सेंट लावून सुरुवात केली. युद्ध संपलं, मोटारी वाढल्या, रस्ते मात्र बैलगाडीचेच राहिले. जिल्हा लोकल बोर्डांकडे खडी टाकायला पैसा नव्हता. तेव्हा १९२७ साली जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्ते समिती नेमली गेली. रस्ते हा आता एकट्या प्रांताचा किंवा लोकल बोर्डाचा प्रश्न राहिलेला नाही, तो सगळ्या देशाचा आहे, असं समितीने सांगितलं आणि पेट्रोलवर गॅलनला २ आणे जादा घेऊन त्यांचा स्वतंत्र निधी करावा अशी शिफारस केली. १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. ज्या भागात जितकं पेट्रोल खपेल तितका त्याचा वाटा, असं वाटपाचं तत्त्व होतं. मला हे तत्त्व फार मोलाचं वाटतं. गाडी चालवणाऱ्याने दिलेले २ आणे कुठे जाणार, हे त्याला ठाऊक होतं.

दुसरी गाठ १९३८ सालची. प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळं आली होती आणि त्यांना नव्या कामांसाठी पैसा हवा होता. नागपूरला राजधानी असलेल्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडाने मोटार स्पिरिट आणि वंगणाच्या किरकोळ विक्रीवर ५ टक्के कर बसवला. दिल्लीचं म्हणणं पडलं की पेट्रोलवरचं शुल्क हा केंद्राचा अधिकार आहे, प्रांताने त्यात हात घालू नये. प्रकरण नव्याने स्थापन झालेल्या फेडरल कोर्टासमोर गेलं. कोर्टापुढचं हे पहिलंच प्रकरण. न्यायासनावर मुख्य न्यायाधीश सर मॉरिस ग्वायर, सर शहा सुलेमान आणि जयकर. तिघांनी आपापली मतं वेगळी लिहिली, पण निष्कर्ष एकच काढला: माल तयार होताना लागतं ते उत्पादन शुल्क केंद्राचं, आणि तोच माल दुकानात विकला जाताना लागतो तो विक्रीकर प्रांताचा. मध्य प्रांताचा कायदा टिकला.

कोगनोळी आणि कागलचे आकडे वेगळे दिसतात त्याचं मूळ या निकालात आहे. प्रांताला तो अधिकार नाकारला गेला असता तर पेट्रोलचा भाव देशभर बराचसा एकसारखा राहिला असता, आणि प्रांतांना प्रत्येक शाळेसाठी, दवाखान्यासाठी दिल्लीकडे हात पसरावा लागला असता. सीमेवर राहूनही मी त्या निकालाच्या बाजूने आहे. राज्याला स्वतःच्या हिमतीवर पैसा उभा करता आला पाहिजे, नाहीतर ते राज्य कसलं?

आता आपल्या पुलाकडे येऊ. ही रेघ १९५६ साली पडली असं सगळे म्हणतात, पण इथे रेघ त्याआधीही होती. अलीकडे कागल ही कोल्हापूर संस्थानातली जहागीर, पलीकडे निपाणी इंग्रजांच्या बेळगाव जिल्ह्यात. म्हणजे एका बाजूला छत्रपतींचा अंमल आणि दुसऱ्या बाजूला कलेक्टरचा. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि ती रेघ पुसली गेली. कागल आणि निपाणी पहिल्यांदा एकाच सरकारच्या एकाच विक्रीकराखाली आले. हे जेमतेम पावणेआठ वर्षं टिकलं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली, बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, त्यातला चंदगड तालुका तेवढा कोल्हापूरला मिळाला, आणि कागलच्या पुढे रेघ परत उमटली. म्हैसूरने १९५७ मध्ये मोटार स्पिरिटवरच्या विक्रीकराचा स्वतःचा कायदा केला, मुंबई राज्याने १९५८ मध्ये आपला. सीमाप्रश्नावर आपण भाषेच्या आणि भावनेच्या अंगाने पुष्कळ लिहिलं, आणि ते लिहायलाच हवं होतं. पण सीमा रोजच्या व्यवहारात माणसाला भेटते ती अशी, लिटरच्या भावात.

तेलाची मूळ किंमत एकच का, हेही बघण्यासारखं आहे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत जगात पद्धत अशी होती की तेल कुठूनही येवो, भाव लावायचा मेक्सिकोच्या आखातातला आणि वर तिथून इथवरचं जहाजभाडं. इराणच्या आबादानहून मुंबई जवळ, पण तिथून आलेल्या तेलालाही टेक्सासचं भाडं लागायचं. स्वातंत्र्यानंतर सरकारने कंपन्यांशी झगडत हे हळूहळू मोडलं. १९६१ ची दामले समिती त्यातलाच एक टप्पा. पुढे सरकारने बांधून दिलेले भाव २००२ पर्यंत चालले. नावापुरते ते संपले तरी पेट्रोल खऱ्या अर्थाने मोकळं झालं २०१० मध्ये आणि डिझेल २०१४ मध्ये. जून २०१७ पासून भाव रोज बदलू लागले आणि माझ्यासारख्या दिवाणज्यांचं काम वाढलं.

देशादेशांतला फरकही याच रीतीने पडतो. कच्चं तेल जगाच्या बाजारात साधारण एकाच भावाने मिळतं. नॉर्वेच्या समुद्रात भरपूर तेल आहे, तरी तिथलं सरकार जबर कर घेतं आणि पेट्रोल महाग ठेवतं. कुवेत आपल्या लोकांना ते स्वस्तात देतं. लक्झेंबर्गने कर कमी ठेवला, म्हणून जर्मनी, फ्रान्स आणि बेल्जियमच्या गाड्या तिथे टाक्या भरायला येतात. आपल्या शेजारी गोव्यातही २०१२ मध्ये मनोहर पर्रीकरांनी पेट्रोलवरचा कर जवळपास शून्यावर आणला, भाव ११ रुपयांनी उतरला, आणि आंबोली चढून येणारी प्रत्येक कोल्हापुरी गाडी टाकी भरूनच यायची.

एकाच पंपावर पेट्रोल आणि डिझेलचे भाव वेगळे, त्यालाही धोरणच कारण आहे. पेट्रोल स्कूटर-मोटारवाल्यांचं, तर डिझेल एस.टी.चं, मालट्रकचं, ट्रॅक्टरचं, म्हणून डिझेलवर कर कमी. रॉकेल गरिबाच्या चुलीचं आणि कंदिलाचं, म्हणून ते त्याहून स्वस्त ठेवलं होतं. हेतू चांगला होता. पण सारख्या दिसणाऱ्या दोन तेलांच्या भावांत इतकं अंतर पडलं की रॉकेल डिझेलमध्ये मिसळण्याचा धंदा उभा राहिला. ओळखू यावं म्हणून रेशनच्या रॉकेलला निळा रंग दिला, तरी धंदा थांबला नाही. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भर दिवसा जिवंत जाळलं. एका प्रामाणिक अधिकाऱ्याचा जीव गेला तो भावातल्या या फरकावर जगणाऱ्यांच्या हातून. स्वस्त रॉकेलच्या बाजूने मी त्याआधी पुष्कळ वाद घातले होते. गरिबाला मदत हवीच, पण ती थेट त्याच्या हातात द्यावी, बाटलीतल्या तेलाचा भाव वाकवून देऊ नये, असं तेव्हापासून माझं ठाम मत आहे.

१ जुलै २०१७ ला वस्तू आणि सेवा कर आला, नाके उठले, साबणापासून सिमेंटपर्यंत सगळ्यावर देशभर एक कर झाला. पेट्रोल आणि डिझेल मात्र बाहेर राहिलं. राज्यघटनेतल्या राज्यसूचीच्या ५४ व्या नोंदीत पूर्वी जवळजवळ सगळ्या मालाच्या विक्रीवरचा कर होता. आता तिथे पाच पेट्रोलियम पदार्थ आणि पिण्याची दारू एवढंच उरलं आहे. राज्यांच्या हाती कर वाढवण्या-उतरवण्याची तेवढीच मोठी जागा उरली, म्हणून ती ते सोडत नाहीत. सप्टेंबर २०२१ मध्ये वस्तू आणि सेवा कर परिषदेच्या लखनौच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हाही पेट्रोल-डिझेल बाहेर ठेवायचंच ठरलं.

आता तर टाकीतल्या पेट्रोलमध्ये पाचवा हिस्सा इथेनॉल असतं आणि त्यातलं काही आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांतून जातं. दूधगंगेच्या पाण्यावर पिकलेला ऊस पेट्रोलमध्ये मिसळून पुलाच्या दोन्ही बाजूंना विकला जातो, आणि दोन वेगळ्या करांखाली.

जून २०२४ मध्ये कर्नाटकाने पेट्रोल-डिझेलवरचा कर वाढवला, दोन्ही साधारण ३ रुपयांनी महागले. एप्रिल २०२५ मध्ये डिझेलवर आणखी २ रुपये चढले. महाराष्ट्राने २०२२ च्या जुलैत पेट्रोल ५ आणि डिझेल ३ रुपयांनी उतरवलं होतं, त्यामुळे अंतर खूपच घटलं आहे. आमच्या ऑफिसातला नवा पोरगा भाव मोबाइलवर बघतो. त्याला मी सांगतो की नुसता भाव बघू नको, त्यात राज्याचा कर किती आणि त्यातला रस्त्यावर किती खर्च झाला, हेही विचार. जयकरांच्या २ आण्यांचा हिशेब निधीच्या खात्यावर लिहिला जात होता. कागलच्या पंपावर आज दिलेल्या कराचा तसा हिशेब मागायचा आपला हक्क अजून शाबूत आहे, आणि तो मागणारे या जिल्ह्यात फार थोडे आहेत.