पत्रांनी वाढवलेले चोवीस भाग

मंडळी, ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्याला मी एकच कोडं घालतो: मूळ मालिकेचे भाग किती? उत्तर ७९. पण हा आकडा ५५ वरच अडायचा होता. १९६६ साली अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर सुरू झालेली ही मालिका दुसऱ्या वर्षीच बंद पडण्याच्या बेतात होती. बीजो आणि जॉन ट्रिंबल या चाहत्या जोडप्याने लोकांना पत्रं लिहायला लावली. इतकी पत्रं आली, की १ मार्च १९६८ ला भाग संपताच वाहिनीने जाहीर केलं, मालिका चालू राहील.

जिंकलो म्हणावं, तर वेळ मिळाली शुक्रवारी रात्री दहाची. तरुण पोरं त्या वेळी घरात असतात होय? शिवाय पैसाही कापला. ३ जून १९६९ ला शेवटचा भाग लागला. माणूस चंद्रावर उतरायला सात आठवडेही उरले नव्हते.

तरी मला हे रडतखडत निघालेले २४ भाग मोलाचे वाटतात. भाग वाढले म्हणून स्थानिक वाहिन्यांना मालिका रोज पुन्हा दाखवणं सोपं झालं, आणि खरा चाहतावर्ग तिथे तयार झाला. पुढे १९७६ साली चाहत्यांनी पुन्हा पत्रं लिहिली. नासाच्या पहिल्या शटलचं ‘कॉन्स्टिट्यूशन’ हे ठरलेलं नाव बदलून मालिकेतल्या यानाचं ‘एंटरप्राइझ’ हे नाव दिलं गेलं. ते शटल अंतराळात मात्र कधी गेलंच नाही.