२६ नोव्हेंबर : संविधान, दूध आणि जमीन

२६ नोव्हेंबरला आपण संविधान दिन साजरा करतो. हाच दिवस राष्ट्रीय दूध दिन म्हणूनही पाळला जातो, कारण १९२१ साली याच दिवशी डॉ. वर्गीस कुरियन यांचा कोझिकोडला जन्म झाला. मित्रांनो, या माणसाचं आयुष्य आपण आपल्या नजरेनं वाचायला हवं.

कुरियन सीरियन ख्रिश्चन घरातले. वडील सिव्हिल सर्जन. नात्यातले जॉन मथाई पुढे देशाचे अर्थमंत्री झाले. टाटांच्या पोलाद कारखान्यात मथाईंचा नातलग म्हणून ओळख नको, म्हणून कुरियन तिथून बाहेर पडले आणि सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकले. त्यांचा स्वाभिमान खराच. पण पाठीशी भक्कम घर असलं की नोकरी सोडायची हिंमत होते. आणि सरकारी शिष्यवृत्ती त्यांना चालते, मग आपली पोरं घेतात तेव्हाच 'फुकटे' कशी ठरतात?

१९४९ मध्ये ते आणंदला आले. त्रिभुवनदास पटेल यांच्या पुढाकारानं खेडा जिल्ह्याचा दूध संघ १९४६ लाच उभा राहिला होता. म्हशीच्या दुधाची पावडर होत नाही, असं परदेशी तज्ज्ञ सांगत. ती करून दाखवली हरिचंद दलाया यांनी. फाळणीत त्यांच्या कुटुंबाची कराचीतली डेअरी गेली होती. आज दलाया किती जणांना ठाऊक आहेत? 'मेरिट' एकट्याचं नसतं, ते असं.

सहकारी संस्थेत एका सभासदाला एक मत. दुधाचा भाव फॅटवर ठरतो, जातीवर नाही. ही मोठी गोष्ट आहे, ती नाकारायचं कारण नाही. पण सभासद व्हायला दूध लागतं, दुधाला म्हैस, म्हशीला चारा आणि चाऱ्याला जमीन. गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये देऊन उभ्या केलेल्या 'मंथन' (१९७६) या चित्रपटातही दलित वस्तीचा संघर्ष आहेच.

राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, हा धोका बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत सांगितला. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले, ते याच विषमतेविरुद्ध.

कुरियनांना अभिवादन जरूर करू. पण येत्या २६ नोव्हेंबरला आपापल्या गावच्या डेअरीत जाऊन विचारा : आपल्या वस्तीतले सभासद किती? आणि गावचं गायरान कोणाच्या ताब्यात आहे?

जय भीम!